सोमवारी भात का कमी पडतो

…आणि वर मलाच म्हणतात, "पोरी, भात संपला की गं." पोरी! अहो, सत्तरी आली माझी. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, खालची कवळी आहे, नातू सैन्यात जाऊन परत आला, आणि मी पोरगी! बसा हो बसा, उठताय कशाला, आत्ता कुठे चौतीस नंबर चाललाय, माझा एकोणपन्नास आहे. नंबर आला की डॉक्टर गुडघा दाबणार, दुखतं का विचारणार, मी हो म्हणणार, तो दुखणारच म्हणणार, आणि एवढं ऐकायला मी पहाटेच्या बसने दीड तास आलेय. तोवर तुम्हाला सांगते, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही.

तर आमचं दोलगोल. बस जिथे तोंड फिरवून परत जाते ते गाव. घरं चौतीस, त्यातली उघडी दहा-बारा. मधोमध ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र. विरंगुळा कसला, सोमवार ते शुक्रवार दुपारी बाराला तिथे जेवण असतं, तोच विरंगुळा. जेवायला अकरा जण, सात बायका, चार पुरुष. सगळ्यांत मोठी योंगदोंगवाली, एक्याण्णव वर्षांची, आणि सगळ्यांत धाकटी मी. आता रांधायचं कुणी? धाकटीने. वाढायचं कुणी? धाकटीने. भांडी, फडकी, ओटा, कचरा? अहो, विचारताय काय! पासष्ट पूर्ण झाल्याशिवाय केंद्रात घेत नाहीत, तर मी आले तेव्हा मनात म्हटलं, दोन-तीन वर्षं काढू, तोवर आपल्या मागून कुणीतरी पासष्टीचं येईलच ना. कोण येणार? माझ्याहून लहान होते ते सगळे सोलला गेले, सुवॉनला गेले, इंचॉनला गेले. आता माझ्या खालोखाल गावात मुखियाचा कुत्रा आहे, तो बारा वर्षांचा आणि त्यालाही धड दिसत नाही. पाच वर्षं झाली, अजून मी आपली सगळ्यांत धाकटी!

आणि धाकटी कुणाच्या हाताखाली, तर कुमसानवालीच्या. मी माहेरची सोचॉनची म्हणून सोचॉनवाली, ती कुमसानची म्हणून कुमसानवाली, आमची खरी नावं आमच्या नवऱ्यांना तरी आठवत होती की नाही कोण जाणे. मी लग्न होऊन आले, त्याच्या पुढच्या वर्षी ती आली. म्हणजे आधीची मी. ओढ्यावर धुणं धूत होते, तर ही नवी नवरी आली, टोपली खाली ठेवली, नाव नाही गाव नाही, पहिला प्रश्न काय, तर तुमचं जन्माचं वर्ष कुठल्या प्राण्याचं? मी म्हटलं, घोड्याचं. म्हणाली, मी सशाची. झालं! ससा घोड्याच्या तीन वर्षं आधी, म्हणजे ती तीन वर्षांनी मोठी. त्या दिवसापासून मी तिला 'ताई' म्हणते आणि ती मला 'ए धाकटे'. पंचेचाळीस वर्षं! मासळीचा मधला तुकडा ताईला, जमीन तापते तिथली ऊबेची जागा ताईला, आणि दाराच्या फटीतून वारा येतो ती जागा मला. माझ्या आधी तीन वर्षं केंद्रात तीच रांधत होती, आणि कसं रांधत होती ते विचारू नका, साराला एकतर मीठ नसायचं, नाहीतर समुद्र असायचा. मी पासष्टीची झाले ना, त्या दिवशी सकाळी, अजून मी तोंडही धुतलं नव्हतं, तर ही दारात उभी, हातात घडी घातलेला एप्रन. वाढदिवसाचं काही बोलली नाही, नुसता एप्रन हातात दिला आणि गेली.

तांदळाची मात्र ददात नाही हं. सरकार पोती पाठवतं. पण पोतं काय आपणहून पातेल्यात जाऊन बसतं? तांदूळ सरकारचा आणि गुडघे माझे! आणि भाताबरोबर खायचं काय? पूर्वी गावात दुकान होतं, दुकानवाली वारली, दुकान बंद. मग टेम्पोवाला यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी, भोंगा वाजवत, तोफू, अंडी, खारवलेली मासळी घेऊन. तोही म्हातारा झाला, एक दिवस म्हणाला, आता मला घाटातलं वळण दिसत नाही, आणि यायचा बंद झाला. लोकांकडे पैसे नाहीत असं नाही हो, थोडे थोडे सगळ्यांकडे आहेत, पण ते देऊन घ्यायचं कुणाकडून? बस दिवसाला तीन, स्टॉपपर्यंत हा एवढा चढ, आणि परतताना हातात सहा अंडी सांभाळत उतरायचं हे काय ऐंशीच्या माणसाचं काम आहे? म्हणून बाजार मी करते, मुळा मी लावते, त्याचा पाला मी वाळवते, हिवाळ्याच्या तोंडावर अकरा जणांना पुरेल एवढ्या कोबीची किमची मी घालते, खांद्यापर्यंत हात मिरचीत. का? तर मी सगळ्यांत धाकटी ना!

आणि ह्या सगळ्यात माझा मेला चौकस स्वभाव. एखादी गोष्ट कळली नाही ना, की मला घास गोड लागत नाही. झालं असं, की माझं तांदळाचं माप ठरलेलं आहे, पितळेचा वाडगा, सपाट भरून सहा. मंगळवारी पुरतो भात. बुधवारी पुरतो. गुरुवारी थोडा उरतो, शुक्रवारी चांगला वाडगाभर उरतो. आणि सोमवारी? सोमवारी कमी! माप तेच, माणसं तीच, कुकर तोच. मी म्हटलं, उंदीर असेल. मग म्हटलं, उंदराला काय वार कळतो? मग म्हटलं, शनिवार-रविवार केंद्र बंद असतं तर तांदूळ दमट होत असेल, कमी फुगत असेल. एका सोमवारी सात वाडगे लावले, संपले. पुढच्या सोमवारी आठ, ते संपले! योंगदोंगवाली, जिचा आहार चिमणीएवढा, ती वाटीत बोट फिरवून चाटत होती. तुम्ही सांगा, हे बघून कुणी गप्प बसेल?

त्यात आमचे मेंग गुरुजी. गावच्या शाळेचे हेडमास्तर होते, आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ, बायको जाऊन सहा वर्षं झाली. रोज बाराच्या ठोक्याला कोट घालून येणार आणि रोज एकच वाक्य, "मी घरून जेवूनच आलोय, तुम्हाला सोबत म्हणून बसतो." आणि सोबत म्हणून दोन वाट्या भात खाणार. रोज दोन, आणि सोमवारी चार. मी दर वेळी वाढताना मनात मोजायची आणि त्यांच्या पोटाकडे बघायची, तर पोट पाठीला लागलेलं. घरून जेवून आलेला माणूस सोमवारीच चार वाट्या कसा खातो?

म्हणून एका रविवारी निघाले. गुरुजींची छत्री केंद्रात राहिली होती, तेवढं निमित्त पुरलं. दार लोटलेलं, आतून चर्र्र् चर्र्र् काहीतरी भाजल्याचा आवाज, आणि एक बाई सांगतेय, आता मांस उलटा आणि वरून लसूण घाला. मी म्हटलं, बघा! गुरुजींकडे मेजवानी आणि आम्हाला पत्ता नाही! मान आत घातली, तर टीव्हीवर रांधणं चाललंय आणि गुरुजी त्याच्यासमोर बसून भातात गार पाणी ओतून खातायत. मुलीने त्यांना कुकरचं बटण दाबायला शिकवलंय, तेवढं एकच येतं त्यांना. शुक्रवारी संध्याकाळी लावलेला भात, दोन दिवस तसाच गरम राहिलेला, कडेने पिवळा पडून टणक झालेला. शेजारी बशीत सोया सॉस. चमचा त्यात टेकवायचा, टीव्हीतल्या मांसाकडे बघायचं आणि घास गिळायचा. मला पाहिलं आणि त्यांनी वर्तमानपत्र उचलून वाटीवर ठेवलं. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, जेवलात का? म्हणाले, आत्ताच, पोटभर. मी छत्री ठेवली आणि बाहेर आले, आणि तुम्हाला खरं सांगते, मला इतकी लाज वाटली, त्यांची नाही हो, माझी. पाच वर्षं मी भाताची चौकशी करत बसले होते, आणि ह्या माणसाच्या घरात एकदा डोकावले नव्हते.

आता एका घरी बघितल्यावर मी थांबणार आहे का? तिथून तडक योंगदोंगवालीकडे. केंद्रातल्या कॉफीच्या पुड्या रोज कमी व्हायच्या, आणि ती चोरी मी मनातल्या मनात मुखियावर घातली होती, बिचारा! त्या पुड्या हिच्या खिडकीत. शनिवारच्या तीन रिकाम्या, रविवारच्या दोन रिकाम्या आणि एक भरलेली, संध्याकाळची. मला म्हणते, दूध-साखर त्यातच असते की गं पोरी, आणि चावावं लागत नाही. शुक्रवारी उरलेला भात कुठे जातो तेही कळलं, शालीखालून एका वाटीत जातो आणि शनिवारी सकाळी संपतो. मग सोमवारी दुपारी बाराला ही सगळी माणसं कोट घालून, केस विंचरून, घरून जेवून आलेली, येऊन बसतात. पुरेल कसा भात? आणि मी तरी काय करत होते रविवारी? ओट्याशी उभी राहून गार भात आणि किमची. एकटीसाठी कोण सार करतंय! पण मला वाटायचं, आपलं चालतं, आपण काय म्हाताऱ्या आहोत थोड्याच, आपण तर सगळ्यांत धाकट्या!

सोमवारी मी हे सगळं कुमसानवालीच्या कानावर घातलं, एकटीला गाठून. तिने पालेभाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, दुसऱ्याच्या वाटीत काय आहे ते बघू नये, धाकटे. बस्स. मला तिचा असा राग आला! हिचा मुलगा सोलहून खाण्याच्या जिनसांचे खोके पाठवतो, हिला काय कळणार, असं मी तेव्हा म्हटलं. मनात हं, तोंडावर नाही. तोंडावर बोलायची सोय कुठे आहे मला!

आणि नेमके तेव्हाच माझे गुडघे बसले. बसले म्हणजे, तांदूळ धुवायला वाकले ती उठेचना. ह्याच डॉक्टरने फोटो काढले, माझ्यासमोर धरले, म्हणाला, बाई, हाडावर हाड घासतंय, दोन्ही बदलायचे. तारीखसुद्धा देऊन टाकली. तीन आठवडे इथे, पुढे महिनाभर उभं राहायचं नाही. आता नाही केलं तर पुढच्या वर्षी खुर्चीला चाकं लावा, म्हणाला. मी घरी आले, केंद्रात सगळ्यांचं जेवण उरकल्यावर सांगितलं. कुणी 'जाऊ नकोस' म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते, पण कुणी म्हटलंच नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "खुशाल जा. आम्ही आपापल्या घरी जेवू." आपापल्या घरी! अहो, मी घरं पाहून आले होते ना! पिवळा भात पाहिला होता, पुड्या पाहिल्या होत्या. दोन दिवसांत यांची ही दशा होते, तर सात आठवड्यांत काय होईल? परत येईन तेव्हा दहातले किती भेटतील, हा हिशोब मी बसल्या बसल्या केला.

तुम्ही म्हणाल, पुढच्या नंबरची बाई का नाही रांधत? पुढच्या नंबरची म्हणजे कोण, तर कुमसानवाली! सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. ती आपली ऊबेच्या जागेवर पाय पसरून बसलेली. तिने खिडकीकडे बघत सांगितलं, एकदा एप्रन उतरवला की उतरवला. आणि गंमत बघा, कुणी तिला आग्रहही केला नाही. कसा करणार? थोरलीने राबायचं आणि बाकीच्यांनी बसून खायचं, घशाखाली उतरेल का ते? पुरुषांचं तर नावच नको. मुखिया म्हणाला, मी पाणी उकळू शकतो. त्यावर बाकीचे तिघे त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले.

मग मुखियाने तालुक्याच्या कचेरीत फोन केला. तिथून एक मुलगी आली, गोड हो अगदी, हातात ती पाटीसारखी टॅब असते ना, ती. सांगितलं, ज्या आजी-आजोबांचं जेवण चुकतं त्यांना घरपोच डबा देता येतो, फक्त तशी नोंद व्हायला हवी. मी म्हटलं, सुटलो! मग ती एकेकासमोर गुडघे टेकून बसली, आणि काय विचारावं तिने? "आजी, जेवता ना वेळेवर?" आता तुम्हीच सांगा, जेवलात का म्हटल्यावर आपण काय म्हणतो? जेवलो! दुसरं काही म्हणायची पद्धत आहे का आपल्यात? बाकीच्या दहाच्या दहा जणांनी सांगितलं, जेवतो की, पोटभर. योंगदोंगवालीने उलट तिलाच विचारलं, तू जेवलीस का बाळ, किती वाळलीस, आणि तिच्या हातात उकडलेलं रताळं कोंबलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात कुमसानवालीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की दोन दिवस वळ होता. थोरले बोलत असताना मध्ये बोलायचं नाही! मुलगी रताळं खात गेली. आठवड्याने पत्र आलं, आपल्या गावात जेवण चुकणारी एकही व्यक्ती आढळली नाही, अभिनंदन.

मग काय करणार? मी ठरवलं, ऑपरेशन रद्द. दुसऱ्या दिवशी भात वाढता वाढता सांगून टाकलं, की तारीख पुढे ढकलतेय, पुढे म्हणजे बघू कधी ते, आणि एक हात भिंतीला धरून दुसऱ्या हाताने सार वाढत राहिले. गुरुजींनी त्या दिवशी दुसरी वाटी घेतली नाही. वाटीवर हात ठेवला. आणि कुमसानवालीने चमचा खाली ठेवला.

"मी सशाची नाही," ती म्हणाली. "सशाची माझी बहीण होती. तीन वर्षांची असताना गोवरात गेली. वडिलांनी तिची नोंद काढलीच नाही, पुढे मी झाले तर तिच्याच नोंदीवर मला चालवलं. मी मेंढीच्या वर्षाची आहे. ह्या खोलीत सगळ्यांत धाकटी मी आहे." आणि मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला, "तो एप्रन इकडे द्या… ताई."

ताई! मला! पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!

आता तुम्हाला वाटेल, मी गहिवरले असेन. छे हो, आधी मला संताप आला! घोड्यानंतर मेंढी येते ना? म्हणजे ही माझ्याहून वर्षाने लहान! पंचेचाळीस वर्षं मासळीचा मधला तुकडा खाल्लान, पंचेचाळीस वर्षं माझ्याकडून कोबी धुऊन घेतला, आणि मी दाराच्या वाऱ्यात बसून कान दुखवून घेतले, ते सगळं मेंढीसाठी? मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, कागदावर होतं तेच सांगत आले. आणि मग माझ्या चौकस डोक्यात भलतंच आलं. मी विचारलं, मग तुझं स्वतःचं नाव काय ठेवलं होतं? ती म्हणाली, "वेगळं ठेवलंच नाही. तिचंच होतं ना रिकामं." ते ऐकलं आणि माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी रडले, ती नाही रडली. गुरुजींनी घसा खाकरला, आणि शाळेत निकाल सांगायचे तशा आवाजात सांगितलं, घोडा आधी, मेंढी नंतर, जागा बदला.

आणि इथे माझा खरा प्रश्न आहे हं, तुम्ही शहाणी माणसं दिसताय म्हणून विचारते. हे खरं असेल का? कारण बघा, थोरली राहून रांधायचं म्हणजे कमीपणा, तो तिला मेली तरी घेता आला नसता, एवढी तिची मान ताठ. पण धाकटीच असली, तर मग रांधणं हे तिचं कामच झालं, कमीपणा कुठे राहिला? तेवढ्यासाठी बाईने आपली चार वर्षं उतरवून ठेवली नसतील कशावरून? माहेरी विचारावं तर तिच्या माहेरी आता कुणी उरलं नाही. मी तिच्या हातांवरच्या सुरकुत्या निरखून बघितल्या, दात बघितले, चालताना मागून चालून बघितलं. काही कळत नाही. सरळ विचारलं तर म्हणते, ताई, भात निवतोय.

तर मी आले, ऑपरेशन झालं, तीन आठवडे इथल्याच वरच्या मजल्यावर पडून होते. रोज सकाळी तिचा फोन. ताई, पाला किती वेळ भिजवायचा? ताई, सार पातळ झालंय, काय करू? एकदा तर नर्स मला चालवत होती, एक पाऊल, दोन पावलं, आणि मी फोनवर ओरडतेय, अगं मीठ आधी नाही, मीठ शेवटी! पुढचा महिना घरी खुर्चीत. आणि मग काठी टेकत केंद्रात गेले. मला ऊबेच्या जागेवर बसवलं. अहाहा, काय सांगू, पाठीतून ऊब वर चढते हो, उगीच नाही ती जागा सोडत नव्हती! मला धरून अकराच्या अकरा जण होते, मी मोजले. दुखण्यातून उठलेली म्हणून पहिली वाटी माझ्यापुढे आली. सार तोंडात घातलं… समुद्र. पण थोरलं झालं की वाढलेल्याला नावं ठेवायची नसतात. गिळलं. सगळेच गिळत होते, आणि सगळ्यांच्या गालांवर जरा मांस दिसत होतं, मग मी दुसरी वाटीही घेतली.

आणि तो सोमवार होता. भात कमी पडला. कुमसानवाली रिकाम्या कुकरपाशी उभी, मला म्हणते, ताई, माप तर बरोबर घेतलं होतं, सोमवारीच असं का होतं? आणि मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. मग तिनेच, खालच्या आवाजात, फडकं पिळता पिळता सांगितलं, मुलाचे खोके दोन वर्षं झाली बंद आहेत. म्हणजे रविवारी तीही पाणी ओतूनच! आणि मी हिला दगडाच्या काळजाची म्हणत होते.

मग मला राहवलं नाही. पण सांगणार कसं? तुम्ही उपाशी राहता असं त्या माणसांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर मंगळवारपासून कुणी आलंच नसतं. मी काठी जमिनीवर टेकवली, थोरल्या बाईचा आवाज काढला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हटलं, "शनिवार-रविवार मला एकटीला जेवण जात नाही. तुम्ही सगळ्यांनी माझ्या घरी यायचं. मला सोबत म्हणून."

गुरुजींनी कोटाची बटणं नीट केली. म्हणाले, सोबत म्हणून असेल, तर यायला हवं. योंगदोंगवाली म्हणाली, मी घरून जेवूनच येईन, पण येईन. आणि दहाही जणांनी, अगदी माझ्यावर उपकार केल्यासारखं, एकेक करून कबूल केलं. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय बोलले आणि त्याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

ते शिरलं कुमसानवालीच्या. ती एप्रन सोडत म्हणाली, सोमवार ते शुक्रवार माझं, ते धाकटीचं काम. पण घरी बोलावलं तर बोलावणारीने रांधायचं, नाही का गुरुजी? गुरुजी म्हणाले, पद्धत तशीच आहे.

म्हणजे बघा, दोन नवे गुडघे बसवले, थोरली झाले, ऊबेच्या जागेवर बसले, आणि आता दर शनिवारी-रविवारी अकरा जणांचा भात मी लावतेय… धाकटी होते ना, तेव्हा दोन दिवस सुट्टी तरी असायची हो!